अक्षरे येतात, मग मराठी वाचताना मूल का अडखळते?

मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात मुलांची नावे नोंदवायला येणारे पालक बहुधा एकच तक्रार घेऊन येतात. मूल घरी मराठी बोलते, शाळेत हिंदी न अडखळता वाचते, पण मराठी गोष्टीचे पुस्तक हातात दिले की एकेक अक्षर लावत बसते. लिपी तर दोन्हींची देवनागरीच. मग अडते कुठे? काहींना वाटते मूल कंटाळा करते. काहींना वाटते बाराखडी कच्ची राहिली, आणि ते घरी पुन्हा क, का, कि, की गिरवायला बसवतात. आमच्या अनुभवात या दोन्ही गोष्टी क्वचितच खऱ्या असतात.

इंदुरात होळकरांच्या काळापासून मराठी घरे आहेत. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांत आजही जिन्यावरून मराठी हाका ऐकू येतात. बोलणे टिकले आहे. वाचणे मात्र पिढीगणिक आखडत चालले आहे: आजोबांच्या कपाटात कादंबऱ्या, वडिलांच्या हातात फार तर दिवाळी अंक, आणि नातू लग्नपत्रिकेवरचे नाव वाचून थांबतो. साधारण तिसरी-चौथीच्या सुमारास मूल स्वतःच निकाल देऊन टाकते, "मला मराठी येत नाही." घरात दिवसभर मराठी बोलणारे मूल असे म्हणते, कारण पुस्तकाने त्याला तसे सांगितलेले असते. एकदा हे मनात बसले की पुढे बोलणेही स्वयंपाकघरापुरते उरते. म्हणून आम्ही वर्गाचा बहुतेक वेळ व्याकरण किंवा शुद्धलेखनाला न देता अस्खलित वाचनाला देतो. असे का, आणि ते कसे करतो, हे पालक वारंवार विचारतात. त्यासाठी हा लेख.

अस्खलित म्हणजे भरभर नव्हे

मिनिटाला खूप शब्द वाचणारे मूल चांगले वाचते असे आपण धरून चालतो. पण भरभर वाचून झाल्यावर "काय वाचलंस?" विचारले की काही मुले छताकडे बघतात. अस्खलित वाचनात तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: शब्द बरोबर वाचला जाणे, तो विनासायास वाचला जाणे, आणि वाक्य अर्थाप्रमाणे तोडून, योग्य चढउतारासह म्हटले जाणे.

यातली दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माणसाचे लक्ष मर्यादित असते. ते सगळे अक्षरे जुळवण्यात खर्ची पडले तर अर्थासाठी काही उरत नाही. लाबर्ज आणि सॅम्युएल्स या अमेरिकी अभ्यासकांनी हा विचार १९७४ मध्ये मांडला. आपण सायकल शिकताना हँडल, पॅडल आणि ब्रेक यांच्याकडे एकदम पाहत असतो, तेव्हा समोरचा रस्ता दिसत नाही, तसेच हे.

मराठीत याला आणखी एक कारण जोडले जाते. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. "दुपारी सगळ्यांची जेवणे झाल्यावर आजी ओसरीवर सुपारी कातरत बसायची" या वाक्यात आजी काय करायची ते शेवटच्या दोन-तीन शब्दांपर्यंत कळत नाही. एकेक अक्षर लावत तिथवर पोहोचलेल्या मुलाच्या डोक्यातून "दुपारी" केव्हाच निसटलेले असते. शब्द सगळे वाचले, वाक्य मात्र हातात आले नाही. हिंदीतही क्रियापद शेवटीच असते, पण तिथे मुलाचा वेग पुरेसा असतो, म्हणून निभावते.

हिंदीच्या डोळ्यांनी मराठी

आता मुख्य मुद्दा. आपल्या मुलांना देवनागरी येते ती हिंदीची. मराठी वाचताना ती हिंदीच्या सवयी नकळत लावतात, आणि तोंडून जो शब्द बाहेर पडतो तो त्यांच्या स्वतःच्याच कानांना ओळखीचा वाटत नाही. तिथे ती थबकतात. कच्च्या बाराखडीशी याचा संबंध नाही.

ळ घ्या. हिंदीच्या पाठ्यपुस्तकात हे अक्षर जवळजवळ भेटतच नाही. मूल बोलताना बाळ, केळे, शाळा स्वच्छ म्हणते, पण छापलेला ळ दिसला की क्षणभर थांबते किंवा ल म्हणून पुढे जाते. मग "वेळ"ची "वेल" होते, "मूळ"चे "मूल", आणि "गाळ"चा "गाल". अर्थ कोलमडतो. ल आणि श यांची छापील रूपेही वेगळी: महाराष्ट्रातल्या पुस्तकांत पाकळीचा ल आणि देठाचा श, तर हिंदी पुस्तकांत बहुधा दंडाचा ल आणि वेगळ्या वळणाचा श. मोठ्यांना हा फरक जाणवतसुद्धा नाही. सात वर्षांच्या मुलाला जाणवतो. आम्ही पहिल्याच रविवारी दोन्ही रूपे शेजारी शेजारी लावून दाखवतो आणि पाच मिनिटांत विषय संपतो.

उच्चारांचे तसे नाही, त्यांना महिने लागतात. "ज्ञान" हिंदीत "ग्यान", आपल्याकडे "द्न्यान". "ऋतू" तिकडे "रितु", इकडे "रुतू". "पैसा" मधला ऐ हिंदीत वेगळा. सर्वांत जास्त घोळ च, ज, झ यांचा. मराठीत या प्रत्येक अक्षराला दोन उच्चार आहेत आणि लिहिण्यात मात्र फरक नाही. "चहा", "चंद्र", "चित्र" यांतला च तालव्य. "चूल", "चाक", "चोर" यांतला दंततालव्य. "माझा" आणि "माझी" म्हणून पाहा: आ पुढे असताना झ दातांकडे सरकतो, ई पुढे आली की टाळूकडे. घरी बोलताना मुले हे अचूक करतात, कोणी शिकवलेले नसताना. वाचताना मात्र "चूल" हिंदी च ने वाचतात, आणि आपल्याच स्वयंपाकघराच्या गोष्टीतला शब्द त्यांना परका वाटतो. वर्गात आम्ही नियम सांगत नाही. "माझा, माझी, माझे" म्हणायला लावतो आणि जीभ कुठे लागते ते शोधायला सांगतो. मुले एकमेकांच्या तोंडात डोकावतात, हशा पिकतो, आणि गोष्ट लक्षात राहते.

अनुस्वार ही दुसरी ठेच. "झालं", "केलं", "घरं" या शब्दांत शेवटचा टिंब नाकातून म्हणायचा नसतो. तो अ लांबवल्याची खूण आहे. हिंदीत वाढलेला डोळा "झालम्" किंवा "झालन्" वाचतो. अलीकडची चांगली बालपुस्तके बोलीभाषेत लिहिलेली असल्यामुळे असा टिंब पानोपानी येतो. माधुरी पुरंदरे यांच्या "राधाचं घर" या पुस्तकाच्या तर नावातच आहे. हा एक टिंब समजला की मुलाच्या वाचनात एका आठवड्यात फरक दिसतो, असे आम्ही पाहिले आहे.

रफाराचेही तसेच. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या. "आचार्यास" बोलावले तर गुरुजी येतील, "आचाऱ्यास" बोलावले तर स्वयंपाकी. हे उदाहरण मुलांना फार आवडते आणि ती घरी जाऊन आजोबांची परीक्षा घेतात.

शब्दांच्या शेपट्या

या सगळ्यांपेक्षा मोठी अडचण प्रत्ययांची. हिंदीत "पेड़ के नीचे से" हे चार वेगळे शब्द. मराठीत "झाडाखालून" हा एकच. शिवाय प्रत्यय लागताना मूळ शब्द बदलतो: पाणी, पण पाण्यात, घोडा, पण घोड्यावर, वीट, पण विटेवर, फूल, पण फुलाला. म्हणजे ओळखीचा शब्द डोळ्यासमोर येतो तो वेश पालटून आणि मागे लांब शेपटी लावून. "चष्म्याच्या", "शेजाऱ्यांकडूनसुद्धा" असे शब्द बघून मूल घाबरले तर नवल नाही.

यावर आमचा आवडता खेळ म्हणजे शब्द वाढवत नेणे. फळ्यावर "झाड". त्याखाली "झाडा". मग "झाडाखाली", "झाडाखालून", "झाडाखालच्या", "झाडाखालच्यांना". प्रत्येक पायरी मुले एकत्र मोठ्याने म्हणतात. नंतर उलटे: लांब शब्द द्यायचा आणि पेन्सिलीने शेपटी वेगळी दाखवायची. काही आठवड्यांत मुले अक्षर अक्षर न वाचता शब्दाचे दोन तुकडे बघू लागतात, मूळ आणि शेपटी. "समोरच्या", "बरोबर", "पर्यंत", "मुळे" हे तुकडे सारखे येतात. ते एका नजरेत ओळखता येऊ लागले की वेग आपोआप वाढतो.

इथेच वेगाच्या आकड्यांबद्दल एक इशारा. केंद्र शासनाचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. त्यात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही समजून वाचणे, असे लक्ष्य आहे. आपल्या मुलांच्या शाळांत हे आकडे ऐकू येतात आणि काही पालक घड्याळ लावून मराठीही मोजतात. पण "बिल्ली पेड़ के नीचे से निकलकर घर के पीछे चली गई" यात अकरा शब्द आहेत, आणि "मांजर झाडाखालून निघून घरामागे गेले" यात पाच. मांजर तेच, अंतर तेवढेच. हिंदीत ६० शब्द वाचणारे मूल मराठीत ३५-४० वाचत असेल तर ते मागे पडले असे समजू नये. मोजायचेच असेल तर त्याच मुलाचा तोच उतारा महिन्याभराने मोजावा.

वर्गात आम्ही काय करतो

"आता तू पुढचा परिच्छेद वाच" ही पद्धत आपण सगळे शाळेत भोगून आलो आहोत. आमच्या वर्गात ती नाही. बारा मुलांच्या वर्गात एकेकाने वाचायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. बाकीची मुले आपला परिच्छेद कोणता ते मोजत बसतात, आणि ज्याला वाचायला सर्वांत जड जाते त्याची सगळ्यांसमोर फजिती होते. आठवड्यातून एकच तास मिळत असताना हे परवडणारे नाही.

त्याऐवजी आधी बाई उतारा वाचून दाखवतात, पूर्ण रंगवून. मुलांच्या बोटाखाली पुस्तक असते. कानावर मराठीचा ठेका पडल्याशिवाय तोंडात येणार कुठून? त्यानंतर बाईंनी एक तुकडा वाचायचा आणि मुलांनी तो तसाच म्हणायचा: "दुपारी सगळ्यांची जेवणे झाल्यावर", थांबा, "आजी ओसरीवर", थांबा, "सुपारी कातरत बसायची". कुठे थांबायचे हे कळणे म्हणजे निम्मा अर्थ कळणे. मग सगळ्यांनी एका सुरात. यात अडखळणारा आवाज लपतो आणि मूल धीट होते. आपल्या आजोबांच्या पिढीने परवचा आणि पाढे असेच म्हटले; फरक एवढाच की इथे नजर कागदावर असली पाहिजे.

मग येते पुनर्वाचन. साठ ते ऐंशी शब्दांचा छोटा उतारा, तोच तीन-चार वेळा. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये या पद्धतीचे वर्णन केले, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीच्या २००० सालच्या अहवालातही मार्गदर्शनाखाली मोठ्याने केलेल्या पुनर्वाचनाचा फायदा नोंदवलेला आहे. पालकांची शंका रास्त असते: "अहो, ते पाठच होऊन जातं, त्याला वाचन कसं म्हणायचं?" तपासायची युक्ती सोपी आहे. उताऱ्यातले पाच-सहा शब्द उलटसुलट क्रमाने चिठ्ठ्यांवर लिहून दाखवावेत. वाचता आले तर ते वाचनच. पहिल्या आणि चौथ्या वाचनातला फरक मुलाला स्वतःलाच ऐकू येतो. "बाई, आता सरळ गेलं" हे ऐकले की आमचा रविवार सार्थकी लागतो.

पण तोच उतारा चार वेळा वाचायला काही कारण हवे, नाहीतर मुले कंटाळतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून नाट्यवाचन. गोष्टीचे संवाद वाटून घ्यायचे, पाठ करायचे नाहीत, हातात कागद धरून वाचायचे. कोल्ह्याचा आवाज कसा काढायचा यावर वाद घालता घालता उतारा आठ-दहा वेळा वाचून होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात छोट्या मुलांच्या नाटुकल्यांऐवजी असे नाट्यवाचन ठेवावे, असा आमचा कार्यकारिणीकडे आग्रह आहे. पाठांतराच्या नाटुकल्यात ज्याची स्मरणशक्ती चांगली त्याला मोठी भूमिका मिळते. इथे सगळ्यांना वाचायला मिळते.

पुस्तक मुलाच्या आवाक्यातले हवे. ढोबळ हिशेब असा: शंभर शब्दांत पाचापेक्षा जास्त ठिकाणी अडत असेल तर ते पुस्तक सध्या त्याला वाचून दाखवायचे, त्याने स्वतः वाचायचे नाही. बालभारतीचे "किशोर" मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत, पण ते थोड्या मोठ्या मुलांचे. लहानांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावून ठेवलेल्या आहेत. मूल चौथीत असले तरी पहिल्या पातळीपासून सुरुवात करायला लाजू नये. त्याला सांगायचे की ही धाकट्या बहिणीला वाचून दाखवायची आहे. मग मान राहतो.

चूक कधी दुरुस्त करायची

शब्द अडला की लगेच सांगायचा मोह आवरावा. मनात चार-पाच अंक मोजावेत. बहुतेक वेळा मूल स्वतः सावरते. नाहीच जमले तर शब्द सांगून टाकावा, त्याची फोड करत बसू नये, नाहीतर गोष्टीचा धागा तुटतो. आणि सगळ्या चुका सारख्या नसतात. आपल्या इंदुरी मराठीत "तो येऊन राहिला" सर्रास म्हणतात. पुस्तकात "तो येत आहे" असताना मुलाने "येऊन राहिला" वाचले तर खरे तर आनंद मानावा: त्याने अर्थ पकडला आणि आपल्या बोलीत सांगितला. त्याउलट "वेळ"ला "वेल" वाचून जो न थांबता पुढे गेला, त्याच्याकडे लक्ष द्यावे. तो अर्थाकडे बघत नाही. "शिक्षा" या शब्दाशी मूल गोंधळले तर तिथे मात्र गोष्ट थांबवून सांगावेच लागते, कारण शाळेच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडे ती छडी.

आपली बडोद्याची पाहुणी मुले सुट्टीत वर्गात येतात, त्यांचे प्रश्न निराळे असतात. गुजरातीत ळ आहे, त्यामुळे तो त्यांना सहज येतो. त्यांना नवी वाटते ती शिरोरेषा आणि काही अक्षरांची वळणे. म्हणजे एकच उपाय सगळीकडे चालेल असे नाही. आणि जे मूल हिंदी आणि मराठी दोन्ही सारखेच अडखळत वाचते, काही महिने सराव करूनही, त्याचे आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग तज्ज्ञांना दाखवावे. त्याला सरावाचा डोस वाढवणे हा उपाय नव्हे.

घरी रोज दहा मिनिटे

रविवारचा एक तास पुरत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. घरी रोज दहा मिनिटे जोडीने वाचावे. मोठ्या माणसाने आणि मुलाने एकाच वेळी, एकाच आवाजात, मुलाच्या वेगाने सुरुवात करायची. मुलाला वाटले आता मी एकटा वाचतो, की त्याने टेबलावर टिचकी मारायची आणि मोठ्याने गप्प व्हायचे. अडले की पुन्हा बरोबर व्हायचे. बस, एवढेच. प्रश्नोत्तरे नकोत, शुद्धलेखन नको. ज्या आजी पुण्यात किंवा ग्वाल्हेरला आहेत, त्यांनी गोष्ट वाचून फोनवर आवाज पाठवावा आणि मुलाने पुस्तक समोर धरून तो ऐकावा.

हे काम आई-वडिलांनाच करावे लागते असे नाही. किंबहुना आमच्या वर्गातली ज्या मुलांची प्रगती झपाट्याने झाली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांबरोबर आजी-आजोबा बसत होते. त्यांच्याकडे वेळ असतो, आणि च, ज, झ त्यांच्या तोंडी अजून अस्सल आहेत.

येत्या महिन्यापासून रविवारच्या वर्गात शेवटची पंधरा मिनिटे जोडीच्या वाचनासाठी ठेवली आहेत आणि मोठी माणसे कमी पडत आहेत. स्वतःचे नातवंड वर्गात नसले तरी चालेल. शिकवण्याचा अनुभव लागत नाही. मुलाशेजारी बसून त्याच्या वेगाने वाचायची तयारी हवी. नाव मंडळाच्या कार्यालयात द्यावे, आणि येताना वाचायचा चष्मा विसरू नये.